काका, यात दाणे आहेत का?

मेसच्या रांगेत कधी माझ्या मागे उभे राहिला असाल तर तुम्हाला माझा राग नक्की आला असेल. दीड वाजताचं प्रॅक्टिकल गाठायचं असतं, पोटात कावळे कोकलत असतात, आणि पुढची ही मुलगी प्रत्येक पातेल्यासमोर थांबून एकच प्रश्न विचारत असते, "काका, यात दाणे आहेत का?" मागून "अगं, घे ना पटकन", "आली नखरेवाली" वगैरे शेरे येतात. मला ते ऐकू येतात बरं का! कान शाबूत आहेत माझे, बिघडलंय ते दुसरंच.

मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तीन वर्षांची असताना चिक्कीचा अर्धा तुकडा खाल्ला आणि रात्र हॉस्पिटलमध्ये काढली. तेव्हापासून आमच्या घरात दाण्याचा कूट आला नाही. मराठी घरात कूट नाही म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. कोशिंबीर, भरली वांगी, अळूची भाजी, पोहे, ठेचा, साबुदाण्याची खिचडी... यादी करायला बसले तर संपादक मला दुसरं पान देणार नाहीत. शेंगदाण्याशिवाय मराठी स्वयंपाक म्हणजे मॅथ्सशिवाय इंजिनिअरिंग. होऊ शकतं, पण कोणी करत नाही.

माझी आजी ॲलर्जी म्हणत नाही. ती म्हणते, "हिला दाण्याचं वावडं आहे." किती नेमका शब्द! पण गंमत अशी की हाच शब्द आपण "त्याला अभ्यासाचं वावडं आहे" असाही वापरतो. म्हणजे जे सोसत नाही तेही वावडं आणि जे नको असतं तेही वावडं. मला वाटतं, सगळा घोळ इथेच आहे. मी म्हणते "मला चालत नाही" आणि समोरच्याला ऐकू येतं "मला आवडत नाही". मग तो प्रेमाने म्हणतो, "अगं, थोडंसं खा, काही होत नाही."

हे "काही होत नाही" म्हणजे नक्की काय, यावर मला लिहायचं आहे. आणि सुरुवात मी एका बारमधून करणार आहे. (रेक्टर मॅडम, कृपया पुढचा परिच्छेद वाचा आणि मगच काय ते ठरवा!)

बारावीची परीक्षा झाली आणि २०२४ च्या मे महिन्यात मी मावशीकडे कॅलिफोर्नियाला गेले. मावसभाऊ बारा वर्षांचा आणि स्टार वॉर्सच्या नादाने पार वेडा. त्यामुळे डिस्नीलँडला जायचं तर 'गॅलक्सीज एज' मध्येच, आणि तिथे गेलो तर 'ओगाज कॅन्टिना' मध्येच, हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. डिस्नीलँड १९५५ साली सुरू झालं, पण एका खासगी क्लबचा अपवाद सोडला तर पार्कच्या आत दारू विकत नसत. २०१९ साली हा स्टार वॉर्सचा भाग उघडला आणि त्यातल्या या कॅन्टिनामध्ये पहिल्यांदा सर्वसामान्य पाहुण्यांना दारू मिळू लागली. तिथे २१ वर्षांच्या आतल्याला दारू मिळत नाही, पण मोठ्यांबरोबर मुलांना आत येता येतं आणि त्यांच्यासाठी साधी पेयंही असतात. म्हणजे मी बारमध्ये गेले ते ज्यूस प्यायला. असो.

आत अंधार, भिंतींवर पाइप, गाणी लावायला एक रोबो. आपण पृथ्वीवर नाही, 'बाटू' नावाच्या कुठल्याशा ग्रहावर आहोत असं सगळ्यांनी धरून चालायचं. तिथले कामगारही ग्रहवासी! "हॅलो" म्हणायचं नाही, "ब्राइट सन्स" म्हणायचं. डॉलरला "क्रेडिट्स" म्हणायचं. आणि मेनूवरची नावं म्हणाल तर 'फझी टॉनटॉन', 'जॅबा ज्यूस', 'ब्लू बॅन्था'. ब्लू बॅन्था म्हणजे निळं दूध, वर एक कुकी ठेवलेली. मला पहिला प्रश्न पडला तो माझा नेहमीचाच. ह्यात दाणे आहेत का? नावावरून तर काहीच कळायला मार्ग नाही.

थीमचा सगळा खेळच हा असतो. समोरची वस्तू खरी काय आहे ते विसरायला लावायचं. निळं दूध म्हणजे निव्वळ जादू, ते कशापासून केलंय हे विचारलं की मजा गेली. आणि माझ्यासारख्याला तर नेमकं तेच विचारायचं असतं. त्यातून बार! जेवणाच्या ताटात निदान दाणा डोळ्यांना दिसतो. पेल्यात काय दिसणार? 'माय ताय' नावाच्या प्रसिद्ध कॉकटेलमध्ये बदामाचं सरबत असतं. काही लिकर हेझलनटपासून करतात. 'सावर' प्रकारातल्या पेयांवरचा फेस पुष्कळदा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. 'ब्लडी मेरी' मध्ये वूस्टरशर सॉस पडतो, त्यात मासळी असते. आणि एकाच शेकरमध्ये एकामागून एक सगळं हलवलं जातं. अमेरिकेत पाकिटातल्या खाण्यावर ॲलर्जीचे पदार्थ लिहिण्याचा कायदा २००४ साली झाला आणि २००६ पासून लागू झाला, पण दारूच्या बाटल्या बहुतांशी त्याच्या बाहेर राहिल्या. त्यांनाही तो नियम लावावा असा सरकारी प्रस्ताव २०२५ च्या जानेवारीतही मांडला गेला. थोडक्यात, ॲलर्जीवाल्याने जायची सगळ्यात वाईट जागा कुठली, तर थीम बार.

आमच्याकडे आलेला मुलगा माझ्याच वयाचा असेल. "ब्राइट सन्स" वगैरे जोरात चाललं होतं. मावशीने त्याला सांगितलं, "हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे." आणि एका क्षणात त्याचं नाटक थांबलं. बाटू ग्रह गेला, रोबो गेला, क्रेडिट्स गेले. साध्या इंग्रजीत, माझ्याकडे बघून त्याने विचारलं, फक्त शेंगदाणा की काजू-बदामही? खाल्ल्यावर काय होतं? आधी कधी हॉस्पिटलमध्ये जावं लागलं होतं का? इंजेक्शन जवळ आहे का? मी पर्समधून सिट्रिझिनची स्ट्रिप काढून दाखवली. तो काही बोलला नाही, पण त्याने मावशीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

मग तो आत गेला आणि एका वरिष्ठ बाईंना घेऊन आला. त्यांनी कागद बघून एकेक सांगितलं. ज्यूस चालेल, शेकर धुऊन वेगळा घेऊ. कुकीबद्दल मला खात्री देता येत नाही, ती घेऊ नकोस. आणि आमच्याकडे सगळं एकाच ओट्यावर बनतं, त्यामुळे शंभर टक्के हमी मी देत नाही, निर्णय तुमचा. एवढं बोलून त्या गेल्या आणि पाचच मिनिटांत तो मुलगा परत ग्रहवासी झाला!

मी कुकी न घेता ज्यूस प्यायले. मावसभावाने कुकीवर ताव मारला. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला "नाही" म्हटलं आणि मला बरं वाटलं.

आता लगेच "अमेरिकेत सगळं कसं छान" हे पुराण मी लावतेय असं समजू नका. मावशी एवढी सावध होती त्यालाही कारण होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लोरिडाला, डिस्नीच्याच जागेतल्या डिस्नी स्प्रिंग्ज भागात एका आयरिश पबमध्ये न्यूयॉर्कच्या एक डॉक्टर जेवल्या. त्यांना दूध आणि नट्सची ॲलर्जी होती. त्यांच्या पतीने २०२४ मध्ये केलेल्या दाव्यानुसार, त्यांनी वेटरला पुन्हा पुन्हा विचारलं होतं आणि "चालेल" असंच उत्तर मिळालं होतं. जेवणानंतर थोड्याच वेळात त्यांना रिॲक्शन आली आणि त्या गेल्या. स्वतः डॉक्टर, विचारण्यात कसूर नाही, इंजेक्शन घेतलं, तरी गेल्या. पुढे डिस्नीने कोर्टात मुद्दा काढला की पतीने पूर्वी डिस्नी प्लसची फ्री ट्रायल घेताना अटी मान्य केल्या होत्या, म्हणून हा वाद कोर्टात चालूच नये! लोक इतके भडकले की ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्नीने तो मुद्दा मागे घेतला.

ही बातमी मी खूप वेळा वाचली आहे. दाव्यात म्हटलंय ते खरं असेल, तर तिथे कमी पडलं ते प्रेम नव्हे, सर्व्हिस नव्हे, मेनू कार्डही नव्हे. चूक एकच. ज्याची खात्री नव्हती त्याची खात्री दिली गेली. कॅन्टिनातल्या बाईंनी मला जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट.

आता आपल्या मेसकडे येऊ. माझ्या मते खरा थीम बार आपला मेस आहे! मेनूवर लिहिलेलं असतं 'मिक्स व्हेज'. ह्यात काय मिक्स केलंय ते फझी टॉनटॉनपेक्षा गूढ. 'स्पेशल भाजी' मध्ये स्पेशल काय, हे आजवर कोणाला कळलंय? फरक एवढाच की इथे नाटक थांबवून कोणी सांगत नाही.

फर्स्ट इयरला, ऑक्टोबर २०२४ मध्ये, एका रात्री मी नेहमीसारखं विचारलं, "काका, यात दाणे आहेत का?" काका म्हणाले, "नाही बेटा, खोबऱ्याची ग्रेव्ही आहे." चौथ्या घासाला घसा खाजायला लागला. मग ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. रूममेटने सिट्रिझिन दिली आणि आम्ही वाट बघत बसलो, ही आमची चूक. वीस मिनिटांनी आवाज बसला आणि श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली, तेव्हा मुलींनी मला उचलून रिक्षात घातलं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिन दिलं आणि काही मिनिटांत श्वास मोकळा झाला. रात्रभर ठेवून घेतलं, कारण लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात. नंतर कळलं की त्या दिवशी खोबरं कमी पडलं होतं, म्हणून आतल्या माणसाने ग्रेव्ही दाट करायला दोन वाट्या कूट घातला. वाढणाऱ्या काकांना ते माहीतच नव्हतं.

काका दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात उभे होते. रडत होते. मला त्यांचा राग आला नाही आणि आजही नाही. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना "माहीत नाही" असं म्हणायची सवय नव्हती, एवढंच. आणि ती आपल्यापैकी कोणाला आहे हो? वायवाला एक्स्टर्नलने प्रश्न विचारला की आपण "माहीत नाही, सर" म्हणतो का? छे! सीनियर्सनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं, गप्प बसायचं नाही, काहीतरी ठोकून द्यायचं. "माहीत नाही" म्हणणारा ढ आणि ठोकून देणारा स्मार्ट. उद्या पुलाचा लोड ठोकून देणार आहोत का आपण? की कोणी विचारलं तर म्हणणार, "काही होत नाही"?

काही होतं. शेंगदाण्यातलं प्रोटीन शरीर शत्रू समजतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. त्याला अगदी कणभर पुरतो. भाजून, तळून, उकळून ते प्रोटीन नाहीसं होत नाही, आणि भाजल्यावर त्याचा त्रास वाढूही शकतो. "वरचे दाणे काढून देतो" याचा उपयोग शून्य. मागच्या वर्षी आमच्या क्लासची पिकनिक आपल्याकडच्याच एका अम्यूझमेंट पार्कला गेली होती. तिथे जंगलाच्या थीमचं रेस्टॉरंट, वेटर वनवासी वेषात. मी विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, दाणे बाजूला करून देतो." शेजारच्या मैत्रिणीने सांगितलं, "मी जैन आहे, कांदा-लसूण नको." तो लगेच गंभीर झाला. आत जाऊन सांगून आला, तिची प्लेट वेगळी आली, चमचासुद्धा वेगळा. मी डब्यातली पोळी-भाजी खाल्ली.

आणि हाच माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. लोक म्हणतात, "हे ॲलर्जीचं फॅड परदेशातलं, आपल्या किचनला ते झेपणार नाही." साफ चूक! वेगळं ठेवणं म्हणजे काय हे आपल्या स्वयंपाकघराइतकं कोणाला कळतं? उपासाची कढई वेगळी, उपासाचं तेल वेगळं. अंड्याच्या भाजीचा डाव वरणात बुडाला तर आपल्याच मेसमध्ये केवढा गहजब होतो! उष्टं, खरकटं, सोवळं, सगळ्या शब्दांचा अर्थ एकच की ह्याचा त्याला स्पर्श होता कामा नये. परदेशातले लोक ज्याला 'क्रॉस-कॉन्टॅक्ट' म्हणतात तो आपल्या आज्यांना पाठ आहे. धर्मासाठी जी शिस्त आपण रोज पाळतो, ती जिवासाठी पाळायला अवघड का जावी? (गंमत म्हणजे एकादशीला सगळी मेस शेंगदाण्यावर चालते. सगळ्यांचा उपास असतो आणि खरी उपाशी मीच राहते!)

कायदा आहे का? अर्धा आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाकिटावर ॲलर्जीचे पदार्थ लिहावे लागतात. ग्लूटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व इतर नट्स, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट्स. हॉटेलांपैकी केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या साखळ्यांना ही माहिती द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या वडापावला आणि आपल्या मेसला ती सक्ती नाही. युरोपात डिसेंबर २०१४ पासून सुट्या विकल्या जाणाऱ्या खाण्याचीही माहिती द्यावी लागते आणि त्यांच्या चौदा पदार्थांच्या यादीत तीळ आणि मोहरीही आहेत. आपण तिळगूळ वाटणारे, फोडणीत मोहरी घालणारे, पण आपल्या यादीत दोन्ही नाहीत. तेव्हा कायद्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

"तीनशे मुलींचा स्वयंपाक असतो, एकीसाठी काय काय करायचं?" हा प्रश्न रास्त आहे. पण मी वेगळं जेवण मागत नाही. कूट बंद करा असंही म्हणत नाही, तुमची खिचडी तुम्हाला लखलाभ! आणि मी एकटीही नाही. एकट्या आमच्या विंगमध्ये एकीला कोळंबी चालत नाही, एकीला अंडं, आणि एकीला सीलिॲक आहे म्हणून गहू चालत नाही. ती गेली दोन वर्षं बहुतेक भातावर काढते आहे, हे तिच्या शेजारच्या रूमलासुद्धा माहीत नाही. कोण सारखं सांगत बसणार आणि नखरेवाली म्हणवून घेणार?

मला फक्त एवढंच हवंय. एक, मेसच्या फळ्यावर मेनूच्या पुढे खडूने चार शब्द, दाणे, दूध, अंडं, गहू, ज्यात जे असेल ते. खडूला खर्च येत नाही. दोन, आयत्या वेळी पदार्थात काही बदललं तर ते वाढणाऱ्यापर्यंत पोहोचावं. आपण ड्रॉइंगमध्ये रिव्हिजन लिहितो, तसंच. तीन, कुटाच्या भाजीची पळी दुसऱ्या पातेल्यात जाऊ नये. चार, वाढणाऱ्याला खात्री नसेल तर त्याने बिनधास्त "माहीत नाही" म्हणावं, आणि आपण कोणी त्याच्यावर ओरडू नये. हे चौथं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कठीण.

आणि पाचवी गोष्ट तुमच्यासाठी, कारण अशी वेळ आली तर डॉक्टरच्या आधी रूममेटच जवळ असतो. खाल्ल्यावर कोणाचे ओठ सुजले, गांधी उठल्या, आवाज बदलला, श्वास लागला किंवा उलटी होऊन चक्कर आली, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठा आणि तिथे "ॲनाफिलॅक्सिस" हा शब्द उच्चारा. माणसाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून जिने उतरवू नका. सिट्रिझिनने खाज कमी होते, श्वास वाचत नाही. श्वास वाचवतं ते ॲड्रेनलिन. मांडीत स्वतः टोचून घ्यायचं त्याचं पेन आपल्याकडे केमिस्टकडे सहज मिळत नाही, पण हॉस्पिटलमध्ये ॲड्रेनलिन असतंच.

काका अजून आपल्याच मेसमध्ये आहेत. परवा मी रांगेत उभी होते. मागे नेहमीचा गोंधळ. मी विचारलं, "काका, यात दाणे आहेत का?" त्यांनी डाव खाली ठेवला, म्हणाले, "थांब, माहीत नाही, विचारून येतो," आणि आत गेले. रांग दोन मिनिटं थांबली. मागून कोणीतरी म्हणालंच, "अरे यार!"

त्या दोन मिनिटांबद्दल सॉरी. आणि थँक यू.